बसऱ्याच्या मोत्यांची वाट

आपल्यापैकी पुष्कळ जण रोज सकाळी तायेलेतवर चालायला जातात. अश्दोदचे लोक समुद्राकाठी, तेल अवीवकडचे यार्कोन नदीच्या काठाने, आणि ज्यांच्या गावाला नदीही नाही आणि समुद्रही नाही ते बिचारे डॉक्टरांनी सांगितले म्हणून इमारतीभोवतीच फेऱ्या घालतात. पाण्याच्या कडेने चालण्याचे सुख निराळे, हे कोकणातून आलेल्या माणसाला सांगायला नको. हल्ली मात्र त्या सुखात विजेच्या सायकली आणि कोर्किनेत घुसल्या आहेत. मागून आवाज न करता येतात आणि कानाशी वारा लागला की कळते, गेली एक. म्हणून मी चालताना भिंतीची बाजू सोडत नाही.

आज ज्या वाटेबद्दल लिहायचे आहे ती बहरैनमध्ये आहे. तिथे नदी नाही. एकही नाही. आखातातले ते एक लहानसे बेट, किंवा खरे म्हणजे बेटांचा पुंजका. अरबीत बहर म्हणजे समुद्र आणि बहरैन म्हणजे दोन समुद्र. एक खारा आणि दुसरा गोडा, असा अर्थ लोक लावतात, कारण या बेटांच्या आसपास समुद्राच्या तळाशी गोड्या पाण्याचे झरे होते. मोती काढणारे पाणबुडे बुडी मारून त्या झऱ्यांच्या तोंडाशी कातडी पिशव्या भरून घेत आणि वर आणून पीत. नदी नसलेल्या देशात नदी समुद्राच्या पोटात होती म्हणायची.

मी आणि माझी धाकटी बहीण २०२३ च्या फेब्रुवारीत एका गटाबरोबर तिथे गेलो होतो. सप्टेंबर २०२० मध्ये इस्रायल आणि बहरैनचा करार झाला आणि वर्षभराने थेट विमान सुरू झाले. तीन तासांच्या आत माणूस तिथे पोचत असे. पुढे ऑक्टोबर २०२३ मध्ये युद्ध पेटले आणि ती विमाने बंद पडली. म्हणून ही वाट सध्या कागदावरच चालू या. आपल्या वयाला तेही काही वाईट नाही, गुडघे दुखत नाहीत.

आपल्या घरांत ‘बसऱ्याचे मोती’ हा शब्द सर्वांनी ऐकलेला असेल. माझ्या आईच्या नथीत बसऱ्याचे मोती होते आणि ती ते फार अभिमानाने सांगत असे. मला लहानपणी वाटे की हे मोती बसरा शहरात निघतात. शाळेच्या नकाशात बसरा पाहिले तेव्हा ते नदीकाठी, समुद्रापासून आत. मग मोती येतील कुठून? उत्तर मिळायला मला सत्तरी गाठावी लागली. आखातातल्या शिंपल्यांतून निघणाऱ्या मोत्यांना हिंदुस्थानात सरसकट बसऱ्याचे मोती म्हणत, आणि त्यांतले उत्तम म्हणून नावाजलेले मोती बहरैनभोवतीच्या उथळ समुद्रातून निघत. तिथून ते मुंबईला येत. मुंबईत त्यांना भोके पाडायची, सर ओवायचे, प्रतवारी लावायची आणि मग पॅरिस-लंडनला धाडायचे. म्हणजे मोती बहरैनचा, नाव बसऱ्याचे आणि बाजार मुंबईचा.

मुहर्रक हे बहरैनचे दुसरे मोठे बेट. एके काळी राजधानी तिथे होती, आता विमानतळ आहे. या मुहर्रकच्या जुन्या वस्तीतून साधारण साडेतीन किलोमीटरची पायवाट केली आहे. तिला मोत्यांची वाट म्हणतात. २०१२ साली युनेस्कोने तिला जागतिक वारशाच्या यादीत घेतले. त्या वारशात काय काय आहे पाहा: समुद्रातली शिंपल्यांची तीन क्षेत्रे, बू माहिर नावाचा किल्ला आणि त्याच्याजवळचा किनाऱ्याचा तुकडा, आणि गावातल्या सतरा इमारती. राजवाडा नाही, थडगे नाही. घरे, वखारी, दुकाने, बैठकीच्या खोल्या, एक मशीद. एका धंद्याची सगळी साखळी त्यांनी उचलून धरली आहे.

ही वाट दोन्ही बाजूंनी चालता येते. पहिल्या दिवशी आमच्या वाटाड्याने आम्हाला व्यापाऱ्याच्या घरापासून समुद्राकडे नेले, कारण बस तिकडे उभी करायला सोपे होते. माझ्या मते हे उलटे झाले. दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी बहिणी पुन्हा गेलो आणि समुद्राकडून सुरुवात केली. मोती ज्या दिशेने गेला त्याच दिशेने चालावे, तरच वाट कळते. घरे कशी मोठी होत जातात ते पायांनाच समजते.

बू माहिर म्हणजे मुहर्रकचे दक्षिण टोक. इथून उन्हाळ्यात नौका सुटत. मोत्यांचा हंगाम साधारण चार महिने, जूनपासून सप्टेंबरपर्यंत, म्हणजे ऐन उकाड्यात, कारण तेव्हाच समुद्राचे पाणी बुडी मारण्याइतके ऊबदार असते. विसाव्या शतकाच्या आरंभी बहरैनच्या ९०० हून अधिक नौका आणि १७,००० च्या वर माणसे या कामावर जात. बायका-मुले किनाऱ्यावर उभी राहून निरोप देत आणि चार महिन्यांनी तिथेच वाट पाहत. आता तिथे एक छोटेसे दालन आहे, बाकी वाळू, वारा आणि समोर मनामा शहराच्या काचेच्या इमारती. मला सर्वांत जास्त वेळ तिथेच बसावेसे वाटले. बहीण म्हणाली, “रेवदंड्याला बसल्यासारखे वाटते.” मी म्हटले, माडांशिवाय.

नौकेवर कामाची वाटणी पक्की असे. नौकेचा मुख्य तो नाखुदा. हा शब्द आपल्या कोकणातही आहे, दर्यावर्दी घराण्यांची आडनावेसुद्धा नाखुदा अशी आहेत. बुडी मारणारा तो घैस आणि त्याची दोरी ओढणारा तो सैब. पाणबुड्याच्या नाकाला हाडाचा किंवा शिंगाचा चिमटा, बोटांना चामड्याच्या टोप्या, गळ्यात जाळीची टोपली. पाय एका जड दगडावर ठेवायचा, दगड त्याला तळाशी घेऊन जायचा, मग दगड वर ओढून घ्यायचा. तळाशी मिनिट-सव्वा मिनिट हाताला लागतील तितके शिंपले गोळा करायचे आणि दम संपत आला की दोरीला हिसका द्यायचा. वरचा माणूस तो हिसका ओळखून त्याला ओढून घेई. त्याने क्षणभर दुसरीकडे पाहिले तर खालचा गेला. म्हणून पाणबुडे आपला सैब पारखून घेत. असे दिवसभरात कितीतरी वेळा. दिवसा पोटात फारसे काही घालायचे नाही, नाहीतर बुडी मारता येत नाही. खजूर आणि कॉफीचा घोट, आणि रात्री भात-मासळी. प्रत्येक मोठ्या नौकेवर एक गाणारा असे, त्याला नह्हाम म्हणत. वल्ही मारताना, दोर ओढताना त्याच्या गाण्यावर सर्वांचे हात एकदम चालत.

शिंपले मात्र लगेच उघडत नसत. दिवसभराचा सगळा ढीग डेकवर एकत्र टाकायचा आणि दुसऱ्या दिवशी सकाळी नाखुद्याच्या डोळ्यांदेखत सर्वांनी मिळून उघडायचा. कोणाच्या शिंपल्यातून कोणता मोती निघाला हे कोणालाच कळू नये, अशी ती व्यवस्था. शेकडो शिंपले उघडावेत तेव्हा एखादा विकण्याजोगा मोती.

इथे एक गोष्ट सांगून टाकते, कारण गटातल्या एका बाईंनी मला विचारले होते. शिंपला आपल्याला खायला वर्ज्य, मग त्याच्या पोटातला मोती अंगावर घालायला कसा चालतो? चालतो. बंदी खाण्याची आहे, दागिन्याची नाही. ‘पेनिना’ म्हणजे मोती, आणि हे नाव आपण मुलींना ठेवत आलो आहोत. आपल्या पूर्वजांनी कोकणात तोराचे पुस्तक हाती नसतानाही कालवे-तिसऱ्यांना हात लावला नाही. दावीद राहाबींनी आपल्या बायकांना निरनिराळी मासळी रांधायला दिली तेव्हा त्यांनी पंख आणि खवले असलेली तेवढी वेगळी काढली, ही कथा आपण सर्वांनी ऐकली आहे. त्याच बायकांच्या नाकात नथ होती आणि नथीत मोती होते.

बू माहिरकडून गावात शिरताना एक मोठा हमरस्ता लागतो. त्याच्यावरून पादचारी पूल आहे. पूर्वी हा रस्ताही नव्हता आणि त्याच्या आसपासची बरीच जमीनही नव्हती. पाणी घरांच्या दाराशी होते. बहरैनने समुद्रात इतका भराव घातला आहे की देशाचे क्षेत्रफळ पूर्वी ७०० चौरस किलोमीटरहून कमी होते ते आता ७८० च्या आसपास गेले. मनामात ‘बाब अल बहरैन’ नावाची मोठी कमान आहे. १९४० च्या दशकात इंग्रज सल्लागार चार्ल्स बेल्ग्रेव्ह यांनी ती बांधवली तेव्हा ती धक्क्याजवळ, समुद्रासमोर होती. आज तिथून समुद्र दिसत नाही. आपण मुंबईत वाढलेली माणसे, आपल्याला याचे नवल नको. मुंबई म्हणजे तरी सात बेटे आणि मधला भरावच. पण मुहर्रकमध्ये चालताना जुन्या वखारी कोरड्या रस्त्यावर उभ्या दिसतात आणि आपल्याला मनाने तिथे पाणी भरावे लागते, तेव्हा कुठे नौका धक्क्याला लागते.

गावात शिरलो की वाट हरवायची भीती नाही. खुणेसाठी वाटेवर दिव्यांचे खांब आहेत आणि त्यांवर मोत्यासारखे गोल पांढरे दिवे. गल्ल्या अरुंद, दोन्ही बाजूंना उंच भिंती, त्यामुळे सावली सतत कुठल्यातरी बाजूला सापडते. मधूनमधून लहान चौक केले आहेत, त्यांत झाडे आणि बसायला बाक. हे बाक मला फार आवडले. ज्याने ते बसवले त्याने म्हाताऱ्या माणसाबरोबर कधीतरी चालून पाहिले असावे. साडेतीन किलोमीटर आम्हाला अडीच तास लागले, त्यांतला एक तास बाकांचाच. उन्हाळ्यात तिथे चाळीस अंशांच्या वर तापते, तेव्हा जायचे नाव काढू नये. नोव्हेंबर ते मार्च, तेही सकाळी किंवा दिवेलागणीला. जमीन सपाट आहे, चढ नाही, काठी टेकत जाता येते.

सायकलींविषयी: तरुण मंडळी सायकल घेऊन जाऊ शकतात, पण गल्ल्यांत ती हातात धरून चालवावी हे बरे. वळणे आंधळी आहेत. सायकल चालवायची तर किनाऱ्यावरचे कॉर्निश मोकळे आहेत, मनामाचा किंग फैसल कॉर्निश किंवा मुहर्रकची समुद्राकडची बाजू. तिथे संध्याकाळी अख्खी कुटुंबे बाहेर पडतात, बायका भराभर चालतात, मुले सायकली पिटाळतात. अगदी आपल्या तायेलेतसारखे. जुन्या गल्ल्यांतून सायकलवरून खरोखर रोज फिरतात ते कामगार, त्यांच्याबद्दल पुढे सांगते.

वाटेवरची पहिली घरे लहान. अल घूस हे त्यांतले एक, पाणबुड्याचे घर. अंगण आणि त्याभोवती थोडक्या खोल्या. भिंती समुद्रातून काढलेल्या प्रवाळाच्या दगडाच्या, वरून चुन्यासारखा गिलावा. आपल्याकडे जांभा तसा त्यांच्याकडे हा दगड. हलका, सच्छिद्र, घरात गारवा ठेवणारा. छताला लाकडी वासे, त्यांवर चटई. लाकूड त्या देशात होत नाही. वासे आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून येत आणि नौका व दारे बांधायला सागवान हिंदुस्थानातून. मी त्या खोलीत उभी राहिले आणि हात पसरले. फार मोठी नव्हती. मला हे घर सर्वांत महत्त्वाचे वाटते. श्रीमंतांची घरे कोणीही जपतो, ती भक्कम असतात आणि त्यांवर नक्षी असते. पाणबुड्याचे घर जपायचे हे कोणाला तरी मुद्दाम सुचावे लागते.

त्या पाणबुड्याची कहाणी सुखाची नाही. हंगामाआधी घरखर्चासाठी नाखुदा त्याला उचल देई. हंगाम संपल्यावर हिशेब होई, आणि बहुतेक वेळा उचल वाट्यापेक्षा जास्त निघे. बाकी वहीत पुढे ओढायची. वही नाखुद्याच्या हाती, पाणबुड्याला वाचता येत नसे. देणे फिटेपर्यंत त्याला दुसऱ्या नौकेवर जाता येत नसे, आणि तो मेला तर देणे मुलाच्या अंगावर. मुलगा मग त्याच नौकेवर. १९२० च्या दशकात सरकारने या व्यवहाराला नियम घातले, प्रत्येक पाणबुड्याला स्वतःची हिशेबाची वही मिळू लागली. सातव्या वर्षी देणे सोडून द्यावे ही आज्ञा आपल्या तोरात का आहे, ते मला त्या छोट्या घरात जितके समजले तितके वर्गात शिकवताना समजले नव्हते. आणि नाखुदासुद्धा मोकळा नव्हता. त्याने व्यापाऱ्याकडून कर्ज घेतलेले असे. मोती वर चढत जाई आणि कर्ज खाली उतरत येई.

पुढे बद्र घुलूम यांचे घर आहे. ते वैद्य होते, औषधी वनस्पती लावत. पाणबुड्यांचे कान फुटत, डोळे जात, कातडी सोलवटून निघे, त्यांना उपचार इथे मिळत. मग जलाहमा, अलावी, मुराद अशी घरे. घरे हळूहळू उंच होतात, अंगणे रुंद होतात, दारांवर कोरीव काम दिसू लागते. नाखुद्याचेही घर या वाटेवर आहे. प्रत्येक ठिकाणी पाट्या आहेत, पण सर्व पाट्या वाचत बसू नये, थकवा येतो. मी चार वाचल्या आणि बाकीची घरे नुसती पाहिली.

मग येतो कैसरियाचा बाजार आणि वखारी. या भागाला लागून वाटेचे मुख्य दालन आहे, २०१९ साली पुरे झालेले. वलेरिओ ओल्जिआती नावाच्या स्विस वास्तुकाराने लालसर काँक्रीटचे एक भले थोरले छप्पर उंच खांबांवर उभे केले आहे आणि त्याच्या सावलीत जुन्या वखारीचे पडके अवशेष तसेच राहू दिले आहेत. माझ्या बहिणीला ते अजिबात आवडले नाही, पार्किंगसारखे वाटते म्हणाली. मला आवडले. पडक्या भिंतींना सजवलेले नाही, फक्त ऊन लागू दिलेले नाही.

वखारींत काय होते? तांदूळ, कापड, मसाले, लाकूड, काथ्याचे दोर. बहुतेक सगळे हिंदुस्थानातून. पाणबुड्याने उचल म्हणून नेलेला तांदूळही समुद्रापलीकडचाच. बाजारात एका ठिकाणी काचेच्या जमिनीखाली ‘मदबसा’ दिसते, म्हणजे खजुराचा पाक गाळायची जुनी जागा. जमिनीला समांतर पन्हळी केलेल्या, त्यांवर खजुराच्या गोण्या रचून ठेवायच्या, वजनाने आणि उष्णतेने पाक गळून पन्हळीतून खाली भांड्यात. आपण आज दुकानातून सिलान आणतो तो हाच पदार्थ. त्या काचेवर उभी राहून मी माझ्या आजोबांच्या घाण्याचा विचार करत होते.

मुंबईचे नाते तिथे पदोपदी भेटते. १९६५ साली बहरैनचा दीनार निघाला, तोपर्यंत तिथे रुपयाच चालत होता. आधी आपलाच, आणि १९५९ पासून रिझर्व्ह बँकेने खास आखातासाठी छापलेला, वेगळ्या रंगाचा आणि क्रमांकाआधी इंग्रजी झेड असलेला. तिथली म्हातारी माणसे पंख्याला ‘बंका’ म्हणतात आणि विजेरीला ‘बिजली’. एक लाखाला ‘लक’. मोती चाळायच्या पितळी वाट्या असत, कमी-जास्त आकाराच्या भोकांच्या. एकात एक ठेवून चाळले की मोती आपोआप आकाराप्रमाणे वेगळे होत. मग लाल कापडात पुरचुंडी बांधायची. किंमत काढण्याचे माप ‘चौ’, आणि तोच हिशेब मुंबईच्या बाजारात. या हिशेबाची गंमत गणिताच्या शिक्षकांना आवडेल: मोत्याचे वजन दुप्पट झाले की चौ दुप्पट होत नाही, चौपट होतो. वजन तिप्पट तर चौ नऊपट. म्हणून एक मोठा मोती अख्खी नौका तारून नेई, आणि त्याच आशेवर सतरा हजार माणसे पाण्यात उतरत.

वाट संपते ती सियादी घराण्याच्या वास्तूंपाशी. घर, बैठकीचा मजलिस आणि मशीद. हे मोठे मोती व्यापारी. कोपऱ्यावर गोलाकार वळलेले उंच घर, गिलाव्यात कोरलेली नक्षी, रंगीत काचा. अशा बैठकींत परदेशी खरेदीदार येऊन बसत. पॅरिसचा जॅक कार्तिए १९१२ मध्ये बहरैनला आला होता. पॅरिसचे रोझेन्थल बंधूही बहरैनच्या मोत्यांचे मोठे खरेदीदार, आणि ते आपल्या धर्माचे. बहरैनची स्वतःची ज्यू वस्ती बहुतेक इराकमधून, बसरा-बगदादकडून आलेली. मनामाच्या जुन्या बाजारात त्यांचे लहानसे सिनेगॉग आहे. १९४७ च्या दंगलीत त्याची नासधूस झाली आणि पुढे बहुतेक कुटुंबे देश सोडून गेली. अलीकडे त्याचे नूतनीकरण झाले आहे, आम्ही आत जाऊन आलो. आज तिथे मूठभर ज्यू उरले आहेत.

१९३० च्या सुमारास हा सगळा धंदा कोसळला. जपानमध्ये मिकिमोतो यांनी शिंपल्यात कण घालून मोती पिकवण्याची युक्ती बाजारात आणली होती, आणि वरून जगभर मंदी आली. नशीब असे की १९३२ सालीच बहरैनमध्ये तेल लागले. आखाताच्या अरबी बाजूचे ते पहिले तेल. पाणबुडे तेल कंपनीत मजुरीला गेले. आमच्या वाडवडिलांचा धंदा तेलाचा आणि त्यांचाही शेवटी तेलाचाच, हा विनोद मी गटात केला, पण तरुण मंडळींना तो समजावून सांगावा लागला. शनिवार तेली म्हणजे काय हे त्यांना ठाऊक नव्हते.

आता त्या सायकलवाल्याची गोष्ट. मुहर्रकच्या जुन्या गल्ल्यांत आज मूळ कुटुंबांपेक्षा परदेशी कामगार जास्त राहताना दिसतात. बांगलादेशी, पाकिस्तानी, आपल्याकडचे. पहाटे आणि संध्याकाळी ते सायकलींवरून जातात, हँडलला भाजीची पिशवी, मागे डबा. सुशोभित वाटेवर आपण हौसेने चालतो आणि ते तिथून कामाला जातात. त्यांतल्या पुष्कळांनी इथे येण्यासाठी दलालाला पैसे दिलेले असतात, कर्ज काढून. जुनी वही संपली, नवी उघडली.

आम्ही दोघी एका चौकात बाकावर बसून बोलत होतो. एक पन्नाशीचा माणूस सायकलवरून पुढे गेला, थांबला आणि सायकल ढकलत मागे आला.

“मावशी, तुम्ही मराठी बोलताय?”

“हो.”

“कुठल्या तुम्ही?”

मी म्हटले, “राहायला इस्रायलला. मूळच्या अलिबागकडच्या.”

तो जरा गप्प राहिला. मग म्हणाला, “म्हंजे तेली? शनवारवाले?”

पन्नास वर्षांत मला कोणी त्या नावाने हाक मारली नव्हती. तो म्हसळा तालुक्यातल्या एका वाडीचा कोकणी मुसलमान. एकोणीस वर्षे आखातात, आधी दुसऱ्या देशात, मग इथे. त्याने सायकल भिंतीला टेकवली आणि उभ्याउभ्याच बोलू लागला.

“आमच्या वाडीत तुमच्या लोकांचं घर होतं. मी नाही बघितलं, आजी सांगायची. शनवारी घाणा बंद. चूल पण नाही पेटवायची. आजी त्यांच्याकडनं खोबऱ्याचं तेल आणायची. मग ते लोक मुंबईला गेले, तिकडनं तुमच्या देशात.”

“घर आहे का अजून?”

“घर नाही. घाण्याचा दगड आहे. आमच्या परसात पडलेला. मधी खोलगट आहे ना, पाणी राहतं. आमच्या बायका त्याच्यावर कपडे धुतात.” मग त्याला वाटले आम्हाला वाईट वाटेल. म्हणाला, “म्हंजे, चांगला ठेवलाय. फोडला नाही कोणी.”

आम्हाला वाईट वाटले नाही. वापरात असलेला दगड टिकतो. बहिणीने विचारले, त्या घरातल्या लोकांचे नाव काय होते? त्याला आठवेना. त्याने तिथूनच गावी आईला फोन लावला. आई ऐंशीच्या पुढची. तिला एवढेच आठवले की म्हाताऱ्याला सगळे ‘हसाजी’ म्हणत, त्याच्या बायकोला भाजी-भाकरीबरोबर काही गोड करायची सवय होती, आणि त्यांना तीन मुली होत्या. आडनाव नाही. आडनाव कशाला लागणार, गावात एकच तेली.

मी चाळीस वर्षे मुलांना इतिहास शिकवला. राजे आणि लढाया. मुहर्रकच्या लोकांनी पाणबुड्याचे घर शोधून काढले ते असेच असणार, कोणाच्या तरी आईला विचारून, कोणाच्या परसात जाऊन. आपल्याकडे नवगावची दफनभूमी आहे, रेवदंडा-अलिबागची सिनेगॉग आहेत, आडनावांत गावे आहेत: पेणकर, रोहेकर, केहिमकर, दिवेकर. पण त्या गावात घर नेमके कुठे होते, घाणा कोणत्या झाडाखाली, पाणी कोणत्या विहिरीचे, हे ज्यांनी पाहिले त्यांतले बरेचसे आता या अंकाचे वाचक आहेत. आपल्या नातवंडांना मराठी येत नाही. त्यांना कोकणात नेले तर ती सिनेगॉग पाहून परततील, जसा आमचा गट सियादींचे घर पाहून परतला असता.

त्या माणसाने सुट्टीवर गावी गेल्यावर मला व्हॉट्सॲपवर फोटो पाठवला. काळा दगड, हात-दीड हात उंच, मधोमध खळगा, एका कडेला जुनी चीर. वर साबणाचा फेस आणि बाजूला निळी बादली. मागे फणसाचे झाड आणि त्यापलीकडे विहिरीचा कठडा अर्धा दिसतो. फोटो मी संपादकांकडे दिला आहे. म्हसळ्याकडची मंडळी दिमोना, लोद, अश्दोद या भागांत आहेत असे ऐकते. हसाजी नावाचे आजोबा किंवा पणजोबा, घरात तीन मुली, गावात एकच घर, हे कोणाला जुळत असेल तर संपादकांना फोन करावा. नाव कळले की त्या माणसाला कळवीन असे मी त्याला सांगितले आहे, आणि तो अधूनमधून विचारतो.